आरोग्यशालांचा संभार व त्याच्या याद्या

१

जुन्या दप्तराचा रुमाल सोडतांना संशोधकाचा हात सहज थांबतो तो सनदा, महजर, करीने, तहनामे किंवा खासगी पत्रें यांवर. जिनसांच्या याद्या हातीं आल्या म्हणजे त्यांवर धांवती नजर टाकून बहुधा त्यांस ‘किरकोळ’ ह्या सदराखालीं पुन्हां बांधून ठेवण्यांत येतें. हस्तलिखितांच्या संग्रहांतही हाच न्याय चालतो. वैद्यकाची पोथी मिळाली कीं तिचीं पत्रें मोजलीं जातात, लेखनकाल पाहिला जातो, पाठभेद टिपले जातात. परंतु त्याच पोथीच्या वेष्टणांत घातलेला औषधांच्या जमाखर्चाचा चिटोरा निरुपयोगी म्हणून बाजूस पडतो. हा क्रम बदलणें इष्ट आहे, असें आम्हांस वाटतें. व तें कां, हें दाखविण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

येथें विचार करावयाचा तो रुग्णांच्या उपचारासाठीं एके ठिकाणीं जमा केलेल्या वस्तूंचा, म्हणजे औषधें, भांडीं, मापें, बिछाने, यंत्रें व शस्त्रें यांचा, आणि त्यांच्या सांठवणीचा, निगेचा व मोजदादीचा. चरकसंहितेंत ह्या सर्वांस ‘संभार’ असा एक सुटसुटीत शब्द आहे, तोच आम्ही पुढें योजला आहे. आमचें म्हणणें दोन कलमांत सांगतां येईल. पहिलें कलम असें कीं, शास्त्रग्रंथांतील यादी, दानलेखांतील नेमणूक आणि प्रत्यक्ष मोजदादीची झडती ह्या तीन निरनिराळ्या दर्जाच्या साक्षी आहेत. एकीचें काम दुसरीकडून करून घेतां येत नाहीं. दुसरें असें कीं, संभाराचे स्वामित्वाच्या दृष्टीनें दोन भाग पडत असत. सरून जाणारा माल बहुधा संस्थेचा असे व टिकाऊ हत्यार बहुधा वैद्याचें स्वतःचें असे. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें, ‘यादींत शस्त्रें नाहींत, त्या अर्थीं शस्त्रक्रियाच नव्हती’ असें अनुमान काढण्याकडे कल होतो. तें कसें निराधार आहे, हें पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

शास्त्रग्रंथांपासून आरंभ करूं. चरकाच्या सूत्रस्थानांतील पंधराव्या, म्हणजे उपकल्पनीय अध्यायांत, वमनविरेचनादि उपचारांपूर्वीं काय काय जमवावें याचें सविस्तर वर्णन आहे. प्रथम घर सांगितलें आहे. तें मजबूत असावें, वाऱ्याच्या झोतांत नसावें, तरी त्याच्या एका भागांत वारा खेळता असावा. धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा त्यास उपद्रव नसावा. जवळ पाणवठा, उखळ, मुसळ, शौचकूप, न्हाणी व स्वयंपाकघर असावें. नंतर परिचारक येतात. स्वयंपाकी, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णास उठविणारे व निजविणारे, औषधें वाटणारे, इतकेंच नव्हे तर मन रमविण्यासाठीं गाणारे व कथा सांगणारेही. दुभती, शांत, निरोगी व वासरूं जिवंत असलेली गाय सांगितली आहे. मग भांड्यांची लांबलचक मालिका: घागरी, कुंभ, परळ, पळ्या, झांकणें, रवी, तसेंच कातडें, वस्त्र, सूत, कापूस व लोंकर. बिछान्याजवळ झारी व तस्त. खरबरीत, मध्यम व गुळगुळीत असे पाटेवरवंटे. शस्त्रें, धूम्रपानाची नळी, बस्तीची नळी. आणि शेवटीं तराजू व मापाचें भांडें. त्यापुढें तूप, तेल, मध, काकवी, मीठ, सरपण, मद्यें, कांजी, धान्यें व औषधिद्रव्यें.

संग्राहकांनीं येथें लक्ष द्यावें असें एक स्थळ ह्याच अध्यायांत आहे. अग्निवेश शंका घेतो कीं, उपचार शास्त्रशुद्ध केला तर तो सिद्धीस जाणारच. मग विपरीत परिणामाच्या प्रतीकारासाठीं एवढा संभार आधींच कशाला हवा? आत्रेयाच्या उत्तराचा आशय असा कीं, रुग्णांच्या प्रकृतींचे भेद इतके सूक्ष्म असतात कीं विमल बुद्धीचा वैद्यही गोंधळून जावा. आणि आपत्ति ओढवल्यावर, बाजारांत क्रयविक्रय चालू असला तरीसुद्धां, औषधें त्या घटकेस नीट गोळा करणें सुकर नसतें. सांठ्याचें सर्व शास्त्र ह्या एका उत्तरांत आलें आहे. वस्तु विकत मिळते एवढ्यावरून ती वेळेवर हातीं असेल असें होत नाहीं. तथापि हा सर्व संभार राजे व धनिक यांच्या सोयीचा आहे, हेंही चरक विसरत नाहीं. दरिद्र्यानें आपत्तीच्या वेळीं दुर्लभ वस्तु जमविण्याची वाट न पाहतां प्राप्त औषध घ्यावें, अशी मोकळीक त्यानें ठेविली आहे. म्हणजे ग्रंथकारासही आपली यादी आदर्श आहे, सार्वत्रिक नाहीं, याची जाणीव होती.

सुश्रुतानें यंत्रांची संख्या १०१ दिली आहे. स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ व उपयंत्रें २५ अशी तिची फोड होते. पोथ्या तपासणाऱ्यांस ही बेरीज फार उपयोगाची आहे. एखाद्या प्रतींत नांव गळालें किंवा भाष्यांतील नांव मूळांत शिरलें तर तें येथें उघडें पडतें. परंतु सुश्रुताची यादी केवळ नांवांची नाहीं. यंत्राचे बारा दोष त्यानें मोजले आहेत: फार जाड, निःसत्त्व धातूचें, फार लांब, फार आंखूड, न पकडणारें, वेडेंवांकडें पकडणारें, वांकलेलें, सैल, खिळा उंच आलेलें, खिळा कच्चा असलेलें, तोंड कच्चें असलेलें व फासा कच्चा असलेलें. शस्त्रें वीस, व त्यांचे दोष आठ: वांकडें, बोथट, तुटकें, खरबरीत धारेचें, फार जाड, फार लहान, फार लांब, फार आंखूड. करवतीस मात्र खरबरीत धार हाच गुण, असा अपवादही सांगितला आहे. धार लावण्यासाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा व धार टिकविण्यासाठीं सांवरीच्या लांकडाची फळी सांगून, केस कापला गेला म्हणजे शस्त्र कामास योग्य, अशी कसोटीही दिली आहे. अशा दोषांची गणना पुस्तकी कल्पनेंतून निघत नाहीं. ज्याला दर वेळीं हत्यार हातीं घेण्यापूर्वीं तपासावें लागे, त्याच्या अनुभवांतूनच ती निघते.

औषधांच्या कोठारासंबंधींही सुश्रुत मोघम बोलत नाहीं. औषधें फडक्यांत, मातीच्या भांड्यांत, फळ्यांवर व खुंट्यांवर ठेवावीं. जागा स्वच्छ व प्रशस्त दिशेस असावी. धूर, पाऊस, वारा व ओल यांचा तेथें कोणत्याही ऋतूंत शिरकाव होऊं नये, असें त्याचें सांगणें आहे. कोंकणांतील पोथ्यांचे संग्रह ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ह्यांतील शेवटच्या शब्दाचें मर्म सांगावयास नकोच.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत शस्त्रें २० च्या ठिकाणीं २६ झालीं आहेत, व त्यांत सुश्रुताच्या विसांत नसलेली कर्तरी, म्हणजे कातर, आली आहे. यादी जुनी म्हणून गोठली नव्हती, गरजेप्रमाणें वाढत होती, याचा हा पुरावा होय. त्याच ठिकाणीं शस्त्रकोशाचें वर्णन आहे. नऊ अंगुळें रुंद, बारा अंगुळें लांब, रेशमी वस्त्र, लोंकर किंवा मऊ कातडें यांचा, नीट शिवलेला, बंद असलेला. आंत लोंकरीच्या थरांत शस्त्रें सुटीं सुटीं बसविलेलीं व तोंड शलाकेनें बंद केलेलें. हा आकार मुद्दाम ध्यानांत ठेवावा. बारा अंगुळांची वस्तु कोठारांत ठेवण्याची नव्हे. ती बगलेंत धरून रुग्णाच्या घरीं नेण्याची आहे.

३

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें रा. शामशास्त्री यांच्या हातीं आली व इ. स. १९०९ मध्यें ती छापून निघाली. त्यानंतर ह्या विषयावर एक नवीनच प्रकाश पडला. वैद्यकग्रंथ वस्तु सांगतात. अर्थशास्त्र त्या वस्तूंचा कारभार सांगतें. दुर्गाच्या रचनेंत औषधांच्या घराची दिशा नेमून दिली आहे. अनेक वर्षें पुरतील असे तेल, धान्य, मीठ, औषधें, लांकूड, धातु, कातडीं इत्यादींचे सांठे दुर्गांत करावे व नवा माल आला म्हणजे जुना काढून वापरांत आणावा, असा दंडक घातला आहे. कोष्ठागाराध्यक्षाच्या प्रकरणांत तोच दंडक पुन्हां आला असून, सांठ्याचा अर्धा भाग प्रजेवरील आपत्तीसाठीं अलग ठेवावा व उरलेला अर्धाच नित्याच्या उपयोगांत आणावा, अशी त्यास जोड दिली आहे. चरकानें आपत्तीच्या घटकेविषयीं जें कारण दिलें, त्याचेंच हें राजशासनांतील रूप होय.

सैन्याच्या प्रकरणांत मात्र कौटिल्याची भाषा बदलते. शस्त्रें, यंत्रें, औषधें, स्नेह व वस्त्रें हातीं घेतलेले चिकित्सक सेनेच्या पाठीमागें उभे असावे, असें तेथें म्हटलें आहे. कोठारांतील औषधें राज्याचीं. परंतु रणांगणावर शस्त्रें दिसतात तीं वैद्याच्या हातीं. आमच्या दुसऱ्या कलमाचें पहिलें चिन्ह येथें सांपडतें.

४

आतां शास्त्र सोडून लेखांकडे वळूं. ह्या बाबतींत दक्षिणेंतील तिरुमुक्कूडल येथील शिलालेखाइतका बोलका लेख विरळा. पालार, वेगवती व चेय्यार ह्या नद्यांच्या संगमावरील व्यंकटेश पेरुमाळाच्या देवळांत हा लेख असून तो वीरराजेंद्र चोळाच्या पांचव्या राज्यवर्षाचा, म्हणजे इ. स. १०६८ च्या सुमाराचा आहे. के. व्ही. सुब्रह्मण्य अय्यर यांनीं तो एपिग्राफिया इंडिकाच्या २१ व्या खंडांत प्रसिद्ध केला. देवळाच्या जननाथ मंडपांत वेदपाठशाला, विद्यार्थ्यांचें वसतिगृह व १५ खाटांची ‘वीरचोळ’ नांवाची आरोग्यशाला होती. तिच्यांत एक वैद्य, एक शल्यकर्म करणारा, मुळ्यापाला व सरपण आणून औषधें सिद्ध करणारे दोन इसम, दोन परिचारिका व एक न्हावी अशी नेमणूक होती. वैद्यास वर्षास ९० कलम भात व शिवाय रोख कासू, शल्यकर्म्यास ३० कलम भात, असे आंकडे दिले आहेत. रुग्णांच्या रोजच्या तांदुळाचें माप ठरलेलें आहे; रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या तेलाचीही तरतूद आहे.

त्यापुढें वर्षभराच्या सांठ्यासाठीं सुमारें वीस औषधांचीं नांवें मापांसह येतात. वासाहरीतकी, गोमूत्रहरीतकी, दशमूलहरीतकी, भल्लातकहरीतकी, बिल्वादिघृत, मंडूरवटक, वज्रकल्प, कल्याणलवण इत्यादि. जुनें तूपही त्यांत आहे. तें मुद्दाम मुरवून ठेवावें लागतें, आयत्या वेळीं करतां येत नाहीं. चरकाची यादी आदर्श होती. ही तशी नव्हे. हिच्यामागें विशिष्ट गांव, विशिष्ट देऊळ, पंधरा खाटा व त्यांस पुरेल असें उत्पन्न उभें आहे. द्रव्यांचीं मापें दिल्यामुळें कोणते रोग तेथें विशेष येत असावेत, याचें अनुमान वैद्यांस करतां येतें. मंडूरवटक पांडुरोगावरील औषध, भल्लातकहरीतकी मूळव्याध व गुल्म यांच्या वर्गांतील. अशा रीतीनें वीस नांवांतून नऊशें वर्षांपूर्वींच्या एका गांवाची प्रकृति आपणांस दिसूं लागते.

आणि तरीही ह्या लेखांत एक शस्त्र नाहीं, एक यंत्र नाहीं. शल्यकर्म करणारा मनुष्य पगारावर आहे. त्याचें भात मोजून दिलें आहे. हत्यारांसाठीं मात्र एक कासूही लावून दिलेला नाहीं. ह्याचा अर्थ तो रिकाम्या हातानें येत होता असा करणें हास्यास्पद होईल. सरळ अर्थ असा कीं, देवस्थान सरणाऱ्या औषधांचा भार सोशी व शल्यकर्मी आपला कोश घेऊन येई. न्हाव्याच्या नांवापुढें वस्तरा लिहिलेला नाहीं, तो ज्या कारणानें नाहीं, त्याच कारणानें शल्यकर्म्याचीं शस्त्रेंही लिहिलेलीं नाहींत.

ह्या विधानास मर्यादा घालणारा पुरावाही येथेंच मांडला पाहिजे. सिंहलद्वीपांत पोलोन्नरुव येथील आळाहन परिवेणांतील रुग्णालय उकरलें गेलें, तेव्हां तेथें चिमटे, कात्र्या व शलाका अशीं उपकरणें प्रत्यक्ष सांपडलीं. हें स्थान पराक्रमबाहूच्या (इ. स. ११५३ ते ११८६) काळचें. चूलवंसांत ह्या राजानें रुग्णालय बांधून, जवळ कोठारें भरून, दर महिन्याच्या चारही उपोसथदिनीं स्वतः जाऊन रुग्णांची व वैद्यांच्या कामाची पाहणी केल्याचें वर्णन आहे. राजाश्रय निकट असला, विहारांतच वैद्यांचें राहणें असलें, म्हणजे हत्यारेंही संस्थेंत राहत, असें यावरून म्हणतां येईल. पाटलिपुत्राजवळ कुम्राहार येथें इ. स. १९५१ ते १९५५ मध्यें डॉ. अनंत सदाशिव आळतेकर व विजयकांत मिश्र यांनीं उत्खनन केलें, त्यांत गुप्तकालीन आरोग्यविहाराच्या भिक्षुसंघाचें नांव असलेली मातीची मुद्रा मिळाली. आरोग्यशालेची स्वतंत्र मुद्रा होती, एवढी गोष्ट तीवरून निश्चित होते. आणि मुद्रा आली कीं तिजबरोबर गांठ बांधणें, ती तपासून सोडणें व जबाबदारी ठरविणें हीं आलींच. बेदर येथें दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहा बहामनीनें (इ. स. १४३६ ते १४५८) दवाखाना बांधून औषधें व पथ्य यांसाठीं गांवें लावून दिलीं व हिंदु आणि मुसलमान असे दोन्ही वैद्य ठेविले, असें फिरिस्ता सांगतो. येथेंही नेमणूक सरणाऱ्या वस्तूंचीच आहे, हें पाहण्यासारखें आहे.

५

मराठी कागदांकडे येतां हाच भेद पुन्हां दृष्टीस पडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांच्या प्रकरणीं रसायनवैद्य, झाडपाल्याचे वैद्य व शस्त्रवैद्य हे गडावर असावेत, असें सांगितलें आहे. लोहार, सुतार, पाथरवट, चांभार यांच्याही एक एक दोन दोन असाम्या ठेवण्याची आज्ञा असून, लहान गडावर त्यांचें नित्य काम नसलें तरी त्यांचीं हत्यारें त्यांच्याजवळ तयार असावीं, असा स्पष्ट आशय आहे. कारागिराचें हत्यार कारागिराजवळ, ही त्या काळाची रीतच होती. शस्त्रवैद्य तिला अपवाद असण्याचें कारण दिसत नाहीं.

गडाच्या मालकीच्या सांठ्याविषयीं मात्र अमात्यांची ताकीद कडक आहे. दारूखान्यांतील मडकीं, बाण इत्यादि हवालदारानें दर आठपंधरा दिवसांनीं बाहेर काढून, उन्ह देऊन, पुन्हां भरून त्यांवर मुद्रा करावी, असा नियम त्यांनीं घालून दिला आहे. तपासणें, उन्ह दाखविणें, पुन्हां मुद्रा करणें ह्या तीन क्रिया कोणत्याही नाशवंत सांठ्यास लागू आहेत. सुश्रुताची ओलीविषयींची सूचना, कौटिल्याचा जुनें काढून नवें भरण्याचा दंडक व अमात्यांचें हें कलम एकापुढें एक ठेवून वाचलीं, म्हणजे एकाच शहाणपणाचे तीन निरनिराळे लेख आपल्या हातीं आले आहेत, असें वाटूं लागतें.

तंजावरचे दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल इ. स. १७९८ ते १८३२) यांच्या दरबारीं ह्या प्रवाहांस एक नवें वळण मिळालें. सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहाबरोबरच धन्वंतरी महालाची त्यांनीं व्यवस्था केली. तेथें देशी वैद्य व युरोपीय वैद्यक यांचा मेळ घातला गेला. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांचीं रंगीत चित्रें काढून त्यांसह उपचाराच्या नोंदी ठेवलेले कागद सरस्वती महालांत जतन आहेत. येथें रुग्णाची नोंद ही स्वतंत्र वस्तु झाली. औषध कोणास, केव्हां व काय परिणामानें दिलें, हें कागदावर येऊं लागलें. इ. स. १८५५ मध्यें तें राज्य खालसा झालें, परंतु त्या दरबारचे मोडी कागद मोठ्या संख्येनें शिल्लक राहिले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ मुलखांत, एका आरोग्यशालेचा संसार मोडी लिपींत लिहिला गेला, ही गोष्ट मोडी वाचणाऱ्यांस आपलें कर्तव्य सुचविण्यास पुरेशी आहे.

६

आतां संग्राहकांशीं दोन शब्द. वर सांगितलेल्या तीन साक्षींपैकीं पहिली, म्हणजे शास्त्राची यादी, मुद्रित झाली आहे. दुसरी, म्हणजे नेमणूक, शिलेवर व ताम्रपटावर असल्यामुळें टिकली आहे. तिसरी, म्हणजे अमुक दिवशीं प्रत्यक्ष काय होतें, काय खर्च झालें व काय उरलें हें सांगणारी झडती, ती मात्र कागदावर असते. आणि तीच सर्वांत आधीं रद्दींत जाते. पहिली साक्ष काय असावें हें सांगते, दुसरी काय ठरलें हें सांगते. काय होतें हें सांगणारी तिसरीच. ती गेली कीं इतिहासास पहिल्या दोहोंवर भागवावें लागतें, व मग शास्त्रांतील १०१ यंत्रें प्रत्येक गांवीं होतीं असें कोणी म्हणतो, तर शिलालेखांत एकही नाहीं म्हणून तीं कोठेंच नव्हतीं असें दुसरा म्हणतो. दोघेही चुकतात.

म्हणून जुन्या वैद्यघराण्यांचे संग्रह पाहतांना पुढील पथ्यें पाळावीं. कातड्याची अगर कापडाची गुंडाळी मिळाली तर आंतील शस्त्रें काढून निरनिराळ्या कपाटांत मांडूं नयेत. कोणतें हत्यार कोणत्या घरांत होतें याचें रेखाटन आधीं करावें. लोखंड घासून चकचकीत करूं नये. धारेवरील झीज हाच त्याच्या उपयोगाचा दाखला असतो. पोथीच्या वेष्टणांतील सुटे कागद पोथीबरोबरच ठेवून त्यांसही क्रमांक द्यावा. यादी वाचतांना मापांचा घोळ होऊं देऊं नये. तोळा बारा माशांचा व मासा आठ गुंजांचा, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु जुन्या वैद्यकांत मागध व कालिंग अशीं दोन मानें चालत, आणि द्रव पदार्थ कांहीं मर्यादेपलीकडे सांगितलेल्या मापाच्या दुप्पट घेण्याची परिभाषा होती. हें न जाणतां नक्कल केली तर कोठारांतील तेल कागदावर निम्में होईल. नक्कल करतांना जमा, खर्च व बाकी हीं सदरें जशींच्या तशीं ठेवावीं; ‘इत्यादि’ म्हणून एकही जिन्नस गाळूं नये. शंभर जिनसांतील जो एक आपणांस क्षुल्लक वाटतो, तोच उद्यां एखाद्या अभ्यासकास हवा असतो.

औषध वेळेवर हातीं असावें म्हणून आधीं जमवावें, असें आत्रेयानें अग्निवेशास सांगितलें. पुराव्याचेंही तसेंच आहे. तो हवा असेल त्या दिवशीं बाजारांत मिळत नाहीं. ज्यानें आधीं जपून ठेविला असेल, त्याच्याच दप्तरांत तो सांपडतो.